वाहनाचा नेम

"दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी दिवसाला कुंपण घालायचं, राजमती. आज काय खाणार, किती वेळा खाणार, कुठल्या वाहनात बसणार, सगळं मनाशी ठरवून टाकायचं. मग दिवस तुला ओढत नेणार नाही."

आर्यिका माताजींचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. एका चातुर्मासात त्या साध्वी जयसिंगपूरला आमच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, उतरल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्याकडून हा रोजचा नेम घेतला. ह्यांच्या माघारी मी धाकट्या भावाकडं, सुकुमारकडं राहायला आले, त्यानंतरचं हे. तेव्हापासून पहाटे अंघोळ झाली की जपाला बसण्याआधी मी दिवस आखून घेते.

त्या शनिवारीही आखला. आज गोड सोडलं. जेवण दोनदा. वाहन, फक्त एस.टी., कारण दुपारी शिरोळला मैत्रिणीकडं जायचं मनात होतं. मग बस्तीत जाऊन दर्शन घेतलं आणि घरी परतले, तर दारात लाल गाडी उभी, आणि माझी भाची, सुकुमारची चेलना, फडकं घेऊन तिची काच पुसत होती.

"आत्ती, आवर. साडेदहाला विम्याचा माणूस येणार आहे धनपालमामांच्या ऑफिसात. मालक हजर पाहिजे म्हणालेत."

"कोण मालक?"

"तू की."

मी पायरीवरच थांबले. "आज होय ते?"

"शनिवार म्हणून बुधवारीच ठरलं होतं. तुझ्यासमोर."

"मग अवघड झालं," मी म्हणाले. "मी मोटार सोडलीय आज."

चेलनाच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं. ती या घरात वाढलेली. आत्तीनं सोडलं म्हणजे सोडलं, हे तिला समजावून सांगावं लागत नव्हतं. तरी तिनं एकदा प्रयत्न केला.

"बदलता येत नाही का? एकच दिवस. नंतर प्रायश्चित्त घे, काय ते."

"बदलता आला असता तर त्याला नेम कशाला म्हटलं असतं, बाळ?"

"विसरलीस का मुद्दाम केलंस, खरं सांग."

"विसरले गं."

ती गाडीच्या टपावर कपाळ टेकवून उभी राहिली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं.

मी मालक कशी झाले, ते आधी सांगायला पाहिजे. चेलना तेव्हा बावीस वर्षांची होती. हातकणंगल्याजवळच्या एका फौंड्रीत ओतीव सुटे भाग तपासायची नोकरी करायची आणि रोज स्कूटीवरून हमरस्त्यानं जायची यायची. पोर शांत. आमच्या घरात तिचा आवाज कधी भिंतीपलीकडं गेला नाही. आणि अशा पोरीनं एक दिवस इचलकरंजीच्या कुणाकडून जुनी स्पोर्टी गाडी ठरवून आणली. लालभडक, बसकी, मागं विमानासारखं पंख लावलेलं. सुरू केली की ताटाळ्यातली ताटं वाजायची. एवढ्या आवाजाचं ही काय करणार, याचं मला फार नवल वाटायचं. विचारलं तर नुसती हसायची.

सुकुमारला ती गाडी पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. पण पैसे तिचे, तिनंच साठवलेले. सरळ नाही कसं म्हणणार? त्यानं आडून अट घातली. "रविवारी संध्याकाळपर्यंत पुरा विमा दाखवायचा. पुरा. कायद्यापुरता थर्ड पार्टी चालणार नाही. नाहीतर ज्याची गाडी त्याला परत."

पुऱ्या विम्याचा आकडा चेलनाच्या पगाराबाहेरचा होता. धनपाल आवटी आमचा जुना एजंट. बोलायला लागला की थांबत नाही, पण मनानं चांगला. त्यानं समजावलं, "इंजिन दांडगं, गाडीचा आधीचा विमा संपलेला, आणि तू नवी. क्लेम न घेणाऱ्याला वर्षागणिक सूट मिळत जाते, आणि ती सूट गाडीची नसते, माणसाची असते. तुझ्याकडं अजून काहीच नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "सूट आहे ती काकूंकडं!"

ह्यांची जुनी गाडी त्यांच्या माघारी माझ्या नावावर झाली होती. मला चालवता येत नव्हती. गल्लीतलं कुणी आजारी पडलं की ती दवाखान्यात जायची, मुनी महाराजांचा पायी विहार असला की सामान घेऊन जायची. तिच्यासाठी आम्ही कधी क्लेम घेतला नाही. गेल्या साली ती विकली, तेव्हा धनपालनं ती सूट माझ्या नावानं राखून ठेवली होती. ही गाडी माझ्या नावावर घेतली तर जवळजवळ निम्मा भार उतरणार होता. त्यात लबाडी काही नव्हती, मी दोनदोनदा विचारून घेतलं. म्हणून गाडीचे कागद माझ्या नावावर झाले, आणि हप्ता चेलनाच्या पगारात बसला.

तेव्हाच मी धनपालला विचारलं होतं, "थर्ड पार्टी, थर्ड पार्टी म्हणता, ती तिसरी कोण रे?"

"पहिली तुम्ही, दुसरी कंपनी. तिसरा म्हणजे रस्त्यावरचा कोणीही. तुमच्या गाडीमुळं त्याचं नुकसान झालं तर त्याच्यासाठी. ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही तो."

"आणि त्याला माहीत असतं का, आपण त्याच्यासाठी पैसे भरलेत?"

"त्याला कशाला माहीत असतंय ओ काकू!"

"मग हे गुप्तदानच झालं की."

धनपाल इतका हसला की त्याला ठसका लागला. मला मात्र ते फार आवडलं होतं.

तर त्या शनिवारी आम्ही दोघी दारात उभ्या. धनपालचं ऑफिस स्टेशनच्या पलीकडं. तिकडं एस.टी. जात नाही.

"मी चालत येते," मी म्हणाले. "तू बाजूनं हळू चालव. मला तुझी गाडी बाहेरून नीट बघायची आहेच."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना आज दुसरं काम नाही का?"

लोकांना दुसरं काम नव्हतं. पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत लाल गाडी निघाली आणि तिच्या डाव्या अंगाला पांढऱ्या लुगड्यात मी. चार पावलं गेलो नाही तोवर किराणा दुकानाच्या पायरीवरून हाक आली, "काकू, गाडी बंद पडली काय?"

"गाडी चालू आहे. मी बंद आहे आज."

पुढं एकानं विचारलं, "मिरवणूक कुणाची?" दुसऱ्यानं चेलनाला सुचवलं की आत्तीला एक लगाम घेऊन दे. चेलना आत बसून कानापर्यंत लाल झाली होती. शाळेतून सुटलेली पोरं मागं लागली, "ताई, फटाका काढ की! एकच!"

"कसला फटाका?" मी खिडकीत वाकून विचारलं.

"काही नाही गं. ॲक्सिलरेटर दाबून एकदम सोडला की मागून आवाज येतो. सायलेन्सर बदललेला आहे ना, मूळचा डिकीत पडलाय गोणपाटात."

"सायलेन्सर म्हणजे गप्प करणारा ना? मग तो ओरडतो कसा?"

चेलनानं काच आणखी खाली घेतली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आत्ती, ऑफिसात तो माणूस विचारेल, गाडीत काही बदल केलेत का. धनपालमामा बोलतील. तू फक्त गप्प बस."

"बदल केलेत, आणि नाही म्हणायचं?"

"तू नको म्हणूस. ते म्हणतील."

मी टपावर तळवा ठेवून चालत राहिले. पत्रा घोड्याच्या पाठीसारखा थरथरत होता. सायकलवरून एक म्हातारा समोरून येत होता. गाडी अजून लांब होती, तरी तो खाली उतरला आणि सायकल गटाराच्या कडेला धरून उभा राहिला. आम्ही पुढं जाईपर्यंत तो हलला नाही. एका दारातलं कुत्रं पोट जमिनीला लावून आत सरपटलं. भाजीवाल्या बाईनं पाटी ओढून घेतली. चेलना समोर बघत होती. तिला यातलं काही दिसत नव्हतं, आणि गाडीत बसले असते तर मलाही दिसलं नसतं.

ऑफिसात धनपाल घड्याळ बघत उभा. मी चालत आल्याचं कारण ऐकून त्यानं कपाळावर हात मारून घेतला. विम्याचा तपासनीस, इनामदार म्हणून होता, उंच, सावकाश बोलणारा. त्यानं गाडीभोवती फिरून फोटो काढले, वाकून खाली बघितलं, मग वही न उघडताच माझ्यासमोर आला.

"मालक आपण?"

"हो."

"चालवणार कोण?"

"ही माझी भाची."

"स्वतःची गाडी असून चालत आलात म्हणे."

"आज वाहनाचा नेम आहे."

"असं," तो म्हणाला, आणि ते त्याला खरोखर कळल्यासारखं वाटलं. "गाडीत काही बदल केलेत?"

"काही नाही साहेब!" धनपाल मध्येच बोलला. "कंपनीतून निघाली तशी आहे. मागचं ते पंख तेवढं, शोभेचं."

इनामदारानं त्याच्याकडं बघितलंही नाही. "काकू, मालक तुम्ही. तुम्ही सांगा."

चेलना माझ्या डाव्या बाजूला होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. उद्याच्या संध्याकाळपर्यंत कागद हातात पडला नाही तर गाडी जाणार, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मौन धरावं का, असं क्षणभर मनात आलं. पण मौन मी त्या दिवशी घेतलेलं नव्हतं, आणि असं ऐनवेळी धरलेलं मौन म्हणजे धनपालच्या बोलण्याखाली माझी सही.

"सायलेन्सर बदललेला आहे," मी म्हणाले. "मूळचा डिकीत आहे, गोणपाटात गुंडाळलेला."

"काकू!" धनपालचा आवाज रडवेला झाला.

"बरं झालं सांगितलंत," इनामदार म्हणाला. "उद्या काही झालं असतं तर कंपनीनं एवढ्यावरूनच हात वर केले असते. हा सायलेन्सर तसाही रस्त्यावर चालत नाही. असं करा, उद्या दुपारपर्यंत मूळचा बसवा आणि मला फोटो पाठवा. पॉलिसी उद्याच काढून देतो. पंख राहू दे, ते मी लिहून घेतो."

मला वाटलं, सुटलो. मी चेलनाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला नको," ती म्हणाली. "आवाज काढून टाकायचा तर गाडी कशाला? माझी स्कूटी काय वाईट होती?"

"अगं, गाडी तीच राहते की," धनपाल म्हणाला.

"तीच नाही राहत मामा."

ती बाहेर गेली. दार आपटलं. गाडी एकदा गरजली, मागून दोन फटाके निघाले, आणि स्टेशनकडच्या वळणावर लाल ठिपका दिसेनासा झाला. ऑफिसच्या काचा थोडा वेळ थरथरत राहिल्या. इनामदारानं पाण्याचा पेला माझ्यापुढं सरकवला. बाहेरचं गाळल्याशिवायचं पाणी मी घेत नाही, म्हणून हात जोडले आणि उन्हातून घरची वाट धरली. शिरोळचा बेत मनातून काढून टाकला.

गल्लीत शिरले तेव्हा गाडी आमच्या घरापर्यंत पोहोचलेलीच नव्हती. चार घरं अलीकडं, शिंपीकाम करणाऱ्या भोसल्यांच्या दारापुढं ती तिरकी उभी होती, बंद. चेलना कुठंतरी भटकून नुकतीच आलेली, रस्त्यात उभी. आणि दारात त्यांची सून हेमा, खांद्यावर तान्हं बाळ. बाळ असं रडत होतं की मध्ये मध्ये त्याचा आवाजच फुटत नव्हता.

"डोस दिल्यापासनं ताप आहे त्याला," हेमा माझ्याकडं बघून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, रागावायला लागते ती ताकदसुद्धा नव्हती. "दोन रात्री मांडीवर घेऊन बसलेय, काकू. आत्ता पहिल्यांदा डोळा लागला होता. मी पण पडले होते जरा. आणि बाँब फुटल्यासारखं झालं."

"चुकलं वहिनी," चेलना म्हणाली.

"तुझं काय चुकलं? गाडीच तसली." हेमानं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आत गेली. दार लावलं नाही, कडीचा आवाज नको म्हणून नुसतं लोटून घेतलं.

आम्ही दोघींनी गाडी तिथून ढकलत घरापुढं आणली. चेलना जेवली नाही. दुपारभर बाळाचं रडणं भिंती ओलांडून येत राहिलं. मध्येच थांबायचं, आम्हाला वाटायचं झोपलं, आणि परत सुरू व्हायचं. प्रत्येक वेळी चेलना मान वर करून ऐकायची.

दिवस मावळायच्या आत माझं दुसरं जेवण उरकलं आणि मी पायरीवर येऊन बसले. ती येऊन शेजारी बसली. गाडी समोर होती, संध्याकाळच्या उजेडात आणखीनच लाल.

"रागावलीस माझ्यावर?" मी विचारलं.

"सकाळी रागावले होते."

"एक विचारू? पहिल्या दिवसापासून विचारायचंय. तुला तो आवाज एवढा कशाला पाहिजे?"

ती नखानं पायरीचा चुना खरवडायला लागली. मग म्हणाली, "गेल्या श्रावणात माझा ड्रेस फाटला होता आठवतंय? तूच शिवून दिलास."

"मशीनला अडकून फाटला होता तो."

"मशीनला नव्हता अडकला. चोकाकच्या पुढं एका ट्रकनं मला दाबलं. मी हॉर्न वाजवत होते आत्ती, सारखी वाजवत होते. स्कूटीचा हॉर्न म्हणजे काय, चिमणी चिवचिवल्यासारखा. त्याला ऐकूच गेला नाही. रस्त्यावरून खाली गेले मी, उसात. त्याला कळलंही नसेल. तसाच निघून गेला."

मागं दारात काहीतरी हललं. सुकुमार आतून येता येता उंबऱ्यावर थांबला होता. चेलनाची पाठ त्याच्याकडं होती.

"घरी सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"पप्पांनी नोकरी सोडायला लावली असती." ती गाडीकडं बघत होती. "मग ह्या गाडीचा आवाज ऐकला. फौंड्रीच्या गेटवर आली होती एकदा. सगळे बाजूला झाले, आत्ती. सगळे. मला वाटलं, ह्यात बसले तर मला कुणी ऐकलं नाही असं होणार नाही. पप्पा विमा विमा करतात. तो आवाजच माझा विमा आहे. धनपालमामांचा कागद धडक बसल्यावर कामाला येणार. आवाज धडक बसायच्या आधी येतो."

मला तिच्याशी वाद घालायचा नव्हता. तिनं सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. उसात पडलेली आमची पोर, आणि मी इथं बसून तिच्या ड्रेसला टाके घालतेय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. पण एक गोष्ट मला कळून घ्यायची होती.

"आत बसल्यावर तो कसा ऐकू येतो?"

तिचा चेहरा जरा उजळला. "भारी वाटतं. पोटात घुमतो. आपल्याभोवती भिंत असल्यासारखं वाटतं."

"बाहेर तसा नाही ऐकू येत."

"मग कसा येतो?"

"सकाळी मी बाजूनं चालत होते ना. तो सायकलवाला म्हातारा गटारापाशी उतरून उभा राहिला, तू बघितलास का?"

"नाही. कुठला म्हातारा?"

"म्हणजे तुला दिसला नाही," मी म्हणाले. "त्या ट्रकवाल्याला तू दिसली नाहीस, तसाच."

एवढंच मी बोलले. बोलताना आवाज वर गेला नव्हता, तरी ते वाक्य मलाच मोठ्यानं ऐकू आलं. चेलना माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं गुडघ्यांत तोंड घातलं. पलीकडं बाळ परत रडायला लागलं होतं. उंबऱ्यावरून सुकुमार पाऊल न वाजवता आत निघून गेला.

थोड्या वेळानं ती उठली, चपला न घालताच भोसल्यांच्या दारापर्यंत गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं ते वाजवलं नाही, फटीतून हाक मारली.

"वहिनी, ह्या गाडीचा हा आवाज परत गल्लीत येणार नाही. सकाळी मी सायलेन्सर बदलायला नेतेय."

आतून हेमाचा थकलेला आवाज आला, "आणि नेताना? गॅरेजपर्यंत काय उचलून नेणार आहेस?"

चेलना फटीजवळ सरकली. "तुम्हाला ऐकू येणार नाही," ती म्हणाली. "शब्द देते."

"बघू."

सांगली नाक्यावरच्या अस्लमभाईला तिनं फोन केला. रविवार असला तरी सकाळी लवकर गॅरेज उघडतो म्हणाला. रात्री ती दोघं जेवत असताना सुकुमारनं विम्याचं विचारलं. "उद्या दुपारी मिळेल," ती म्हणाली. त्यानं ठीक आहे म्हटलं, आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा, काही कारण नसताना, तिच्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी वाढली. तिनं आश्चर्यानं बघितलं. तो पाण्याचा तांब्या शोधायला लागला.

रविवारी पहाटे मी अंघोळ करून येत होते, तेव्हा खिडकीतून दिसलं की लाल गाडी दारापुढून सरकतेय. आवाज अजिबात नव्हता. मी बाहेर आले. उजाडायला लागलं होतं. चेलना गाडीच्या उघड्या दारात होती, एक हात आत स्टिअरिंगवर आणि खांदा चौकटीला लावलेला. मागं सुकुमार, बनियन आणि लुंगीवर, त्या पंखाला दोन्ही हात लावून वाकलेला.

"सरळ धर," तो पुटपुटला. "सरळ. दगड आहे पुढं."

मी पुढं होऊन दगड उचलला.

"अक्का, तू राहू दे. आज कुठलं वाहन सोडलंयस कुणास ठाऊक."

"अजून ठरवलं नाही," मी हळूच म्हणाले. "ढकल तू."

भोसल्यांच्या दारापुढून गाडी गेली तेव्हा टायरखाली वाळू करकरली, तेवढीच. दार लोटलेलं होतं. आत शांतता होती, बाळ आणि आई दोघंही झोपल्यासारखी. चेलनानं तिकडं बघितलं नाही. ओठ घट्ट मिटून ती ढकलत राहिली.

कोपऱ्यावर आल्यावर सुकुमार कंबर धरून उभा राहिला, धापा टाकत. "झालं. कर सुरू आता. इथून काही त्यांना ऐकू जात नाही."

चेलनानं किल्लीला हात घातला. मग समोर बघितलं. पुढची गल्ली अजून उठलेली नव्हती. ओळीनं सगळी दारं बंद होती, एका ओसरीवर कुणीतरी चादर डोक्यावर ओढून झोपलं होतं. त्या गल्लीत आमच्या ओळखीचं कुणी राहत नव्हतं.

तिनं किल्लीवरून हात काढला.

"पप्पा, तुम्ही जावा घरी," ती म्हणाली, आणि परत चौकटीला खांदा लावला.